काकूंचं एक्स्चेंज

भाड्याच्या खोल्या बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी मला आडनाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, मटण खाता का हेही विचारलं नाही. ओसरीतल्या बंगईवर झुलत त्यांनी गळ्यात दोरीने अडकवलेला मोबाइल हातात घेतला आणि म्हणाल्या, "नंबर सांगा."

मला वाटलं, होय-नाही कळवायला हवा असेल. मी सांगितला. फाटकाबाहेर येऊन गाडीला किल्ली लावतो न लावतो तोच फोन वाजला. 'आपली गल्ली आपला परिवार' नावाच्या ग्रुपमध्ये मी दाखल झालो होतो आणि पहिलाच संदेश होता की, उशाशी मोबाइल घेऊन झोपणाऱ्या एका माणसाचा मेंदू शिजला. त्याच्या खाली घरमालकीण काकूंनी लिहिलं होतं, 'नवीन भाडेकरूचे स्वागत'.

नागपुरात मानेवाड्याकडच्या त्या गल्लीत आम्ही नवरा-बायको बरीच वर्षं राहिलो. आता स्वतःच्या फ्लॅटमध्ये आहोत, पण ग्रुप सोडलेला नाही. सकाळी उठल्यावर काकूंचा संदेश दिसला की त्या ठीक आहेत हे कळतं आणि जग ठीक नाही हेही कळतं.

काकूंनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांची पाटी आणि हातात वायरी. अकोल्याचा माणूस रायपूरच्या माणसाशी बोलायचा तो काकूंच्या बोटांतून. रिटायर होऊन जमाना झाला तरी फोन उचलल्यावर त्यांचा आवाज सरकारी व्हायचा. "बोला, कोण पाहिजे?" असं त्या स्वतःच्या मुलालाही विचारायच्या.

मी त्यांना एकदा म्हटलं, "काकू, जरा खरं-खोटं बघून तरी पुढे पाठवत जा."

त्या मनापासून दुखावल्या. "मास्तर, आलेला कॉल अडवाचा नसते. कोणी बाप मेल्याचं सांगून राहिला, कोणी खोटं बोलून पैसे मागून राहिला, ऑपरेटरनं ते पाहाचं नसते. जोडून द्याचं असते."

खरं म्हणजे गप्प बसायला हवं होतं. पण मी मास्तर. धरमपेठेतल्या एका कोचिंग क्लासमध्ये मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी जीवशास्त्र शिकवतो. म्हणजे स्वतः डॉक्टर होऊ न शकलेला माणूस दुसऱ्यांची मुलं डॉक्टर करतो. का होऊ शकलो नाही याची मी लोकांना सांगतो ती कारणं फार भारदस्त आहेत, घरची परिस्थिती वगैरे. खरं कारण दोन इंच लांब आणि टोकदार असतं.

तर मी त्या ग्रुपवर सत्याचा पहारेकरी झालो. काकूंनी काही टाकलं की मी त्याच्याखाली खंडन टाकायचो. मुद्दे, उपमुद्दे, लिंका. माझी बायको म्हणायची, "अरे, हा ग्रुप आहे की पेपर तपासणी?" काकू माझ्या प्रत्येक खंडनाला हात जोडलेलं चित्र पाठवायच्या आणि जिन्यात भेटल्या की सांगायच्या, "तुमचे मेसेज चांगले राहते मास्तर. पण भल्ले लंबे राहते."

मी काकूंना भोळ्या समजत होतो. ते काही खरं नव्हतं. कोरोनाच्या पहिल्या वर्षी एक संदेश आला की, खोलीच्या कोपऱ्यात कापलेला कांदा ठेवला की विषाणू त्यात ओढला जातो. काकूंनी तो आधी सगळ्यांना पाठवला आणि मग घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात कांदे ठेवले, आमच्या जिन्यातसुद्धा. दुसऱ्या दिवशी एकेक उचलून हुंगला, उलटसुलट पाहिला आणि ग्रुपवर लिहिलं, 'कांद्यानं काही झालं नाही.' ते वाचून मी सुटकेचा श्वास टाकला, तर संध्याकाळी दुसरा संदेश आला, 'ते कांदे फेकले नाही. आज टोपली भरून भजे केले. यावे.' मी गेलो. खंडन करणाऱ्यांत सगळ्यात जास्त भजी मीच खाल्ली.

काकू प्रत्येक गोष्ट खरी धरायच्या आणि करून बघायच्या. मी प्रत्येक गोष्ट खोटी धरायचो आणि काहीच करून बघायचो नाही. यातलं विज्ञान कशाला म्हणायचं, ते मी अजून वर्गात सांगत नाही.

मग लस आली. आधी म्हाताऱ्यांना, मग पंचेचाळिशीच्या वरच्यांना, आणि आम्ही उरलेले सगळ्यात शेवटी. म्हाताऱ्यांची पाळी आली त्याच्या आदल्या दिवशी काकूंनी ग्रुपवर टाकलं होतं की, लस घेणारा माणूस दोन वर्षांत जातो. मी रात्री बसून व्याख्यान तयार केलं. अँटिबॉडीचं चित्रसुद्धा काढलं, रंगीत खडूंनी काढल्यासारखं दिसणारं. सकाळी खाली उतरलो तर काकू इस्त्रीची साडी नेसून, पाण्याची बाटली आणि घडीची खुर्ची घेऊन फाटकात उभ्या.

"काकू, कुठे निघालात?"

"सुई घ्याले. आज पहिला दिवस हाय ना."

"पण कालच तुम्ही टाकलं होतं, घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो म्हणून!"

"टाकलं ना."

"मग?"

काकूंनी खुर्ची खाली ठेवली. वर्गातल्या मंद मुलाकडे मी ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, माहा हार्टचा डॉक्टर मले सहा महिन्यांच्या पुढचं काही बोलत नाही. हे दोन वर्साची गॅरंटी देऊन राहिले. काहून सोडू?"

माझ्या हातातलं चित्र मी हळूच मागे नेलं. "आणि ते... लसीतून चिप घालतात, सरकारला आपण कुठे आहोत ते कळतं म्हणे?"

"मंग कळू द्या ना. माहा पोरगा पुण्याले राह्यते. माय कुठी हाय, जिती हाय का नाही, त्याले पत्ता नाही राहत. सरकारले तं राहीन."

एवढं बोलून त्या ऑटोत बसल्या. मी चित्र घेऊन वर आलो.

परत आल्यावर त्यांनी दंडावर चमचा चिकटवून पाहिला, कारण लस घेतल्यावर लोखंड चिकटतं असा एक व्हिडिओ फिरत होता. चमचा चिकटला! काकू हरखून गेल्या. माझी बायको खाली गेली, तिने दंड साबणाने धुतला, पुन्हा चमचा लावला, तो पडला. काकूंनी लगेच ग्रुपवर कळवलं, 'चमचा खोबरेल तेलानं चिकटला होता. लोखंडाचा संबंध नाही.' माझ्या सगळ्या खंडनांत इतकं छोटं आणि चोख एकही नव्हतं.

यथावकाश आमच्या वयाच्यांची पाळी आली. बायकोने पहिल्याच आठवड्यात घेतली. मला स्लॉट मिळत नव्हता. म्हणजे तेव्हा कोणालाच सहजी मिळत नव्हता, हे माझं भाग्य. मी दिवसातून एकदा, गर्दी असेल अशाच वेळी पोर्टल उघडायचो, सुस्कारा सोडायचो आणि बंद करायचो. उरलेल्या वेळात रक्तात गाठी होण्याबद्दल वाचायचो. काकू वाचायच्या त्या अफवा. मी वाचत होतो त्या इंग्रजीत होत्या, म्हणून त्यांना शंका म्हणायचं. ऑनलाइन वर्गात मुलांना लसीचं महत्त्व शिकवायचो, आणि कोणी विचारलं, "सर, तुम्ही घेतली?" की माझं नेटवर्क जायचं.

लस टाळणारा आणखी एक माणूस गल्लीत होता. आमच्या समोर नळ, तोट्या, पाइप विकणाऱ्या भाऊंचं दुकान होतं. वय पन्नाशीच्या आतबाहेर, शुगर जोरात. त्यांचा मोठा भाऊ दुसऱ्या लाटेत गेला. लस घेऊन आला, दोन-तीन दिवसांत ताप चढला आणि दवाखान्यातून परत आलाच नाही. भाऊंना आत जाऊ दिलं नव्हतं. शेवटी मिळालं ते गुंडाळलेलं मिळालं.

मी त्यांना समजावलं होतं की, लस घेतली तेव्हा संसर्ग आधीच झालेला असणार. ते दुकानात कानात इअरफोनची बोंडं घालून दिवसभर लसीविरुद्धचे व्हिडिओ ऐकत बसायचे. एक बोंड काढून त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं.

"सर, तुमचं बरोबर असन," ते म्हणाले. "पण तो सुई घेऊन हसत आला होता. मंग गेला. मी एवढंच पाह्यलं."

बोंड परत कानात गेलं.

भाऊंना वळवलं असतं तर काकूंनीच. त्या रोज कोणा ना कोणा म्हाताऱ्याला घेऊन लसीच्या सेंटरवर चालत जायच्या, आणि एक दिवस त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'लस घेतल्यापासून माझे गुडघे दुखायचे थांबले.' झालं! गल्लीतले उरलेसुरले म्हातारे दुसऱ्या दिवशी रांगेत. भाऊसुद्धा त्यांना म्हणाले, "काकू, पाहातो मी. या आठवड्यात येतो."

आणि सत्याचा पहारेकरी जागा झाला. मी लिहिलं, लसीने गुडघेदुखी बरी होते याला कोणताही आधार नाही. मुद्दे, उपमुद्दे, लिंका. म्हाताऱ्यांपैकी कोणीही ते वाचलं नाही, ते रांगेत होते. त्या अख्ख्या ग्रुपवर माझे संदेश शेवटपर्यंत वाचणारा एकच माणूस होता, समोरचे भाऊ. ते काकूंना म्हणाले, "सरच सांगून राहिले का गुडघ्याचं खोटं हाय. मंग बाकीचं कायवरून खरं?" आणि त्यांनी बेत रद्द केला.

काकू त्या बऱ्या झालेल्या गुडघ्यांनी आमचा जिना धाडधाड चढून आल्या.

"मास्तर, माहे गुडघे थांबले, हे खोटं हाय का?"

"थांबले असतील काकू, पण लसीनं नाही."

"मंग कायनं?"

"तुम्ही रोज लोकांना घेऊन सेंटरवर चालत जाता ना, त्या चालण्यानं."

"आन् सेंटरवर मी कायले जातो?"

"लसीसाठी."

"मंग लसीनंच झालं ना बाप्पा!"

मी जीवशास्त्राचा मास्तर आहे, तर्कशास्त्राचा नाही. बायको आतून हसत होती.

"आता सांगा, तुमी कधी घेऊन राहिले?"

"स्लॉट मिळत नाही काकू."

"मोबाइल आणा."

मी दिला. काकू माझ्याच खुर्चीत बसल्या आणि पोर्टलवर बोट मारत राहिल्या. चहा झाला, चिवडा झाला. मी म्हटलं, राहू द्या, नाही मिळणार. त्या मान वर न करता म्हणाल्या, "लाइन लागत नाही म्हणून ऑपरेटर उठून जाते का?" दिवे लागायच्या सुमारास त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "उद्या सकाळी. शाळेच्या हॉलमध्ये. भाऊलेही सांगतो. तो काही घेणार नाही म्हणते, पण पाहाले येईन. मास्तर घेतीन आन् तो पाहीन."

म्हणजे मी आता नुसता लस घेणारा नव्हतो. मी नमुना होतो.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मी छान होतो. रांगेत पुढच्या-मागच्यांना अँटिबॉडी समजावून सांगत होतो. काकू घडीच्या खुर्चीवर आणि भाऊ दाराशी, कधीही निघून जाता येईल असे. माझा नंबर लागला. सिस्टरांनी बाही वर करायला सांगितली, मी केली. शेजारचा कोणीतरी आपल्या मित्राचा व्हिडिओ काढत होता, त्यात आपण नीट दिसावं म्हणून मी जरा हसलोही. सिस्टरांनी सुईचं टोपण काढलं. मी "एक मिनिट" म्हणालो. त्यापुढचं मला इतरांनी सांगितलं.

मी खुर्चीवरून पोत्यासारखा खाली गेलो. हॉलमध्ये आरडाओरडा झाला आणि लोक मागे सरकले. दाराशी उभे असलेले भाऊ बाहेर पळतील असं काकूंना वाटलं होतं. ते आत धावले. खाली बसून त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि जवळ येणाऱ्यांवर ओरडू लागले, "याले कुठी नेऊ नका! इथंच राहू द्या माह्याजवळ! सर, डोळे उघडा, मी हावो इथं!" ते रडत होते. बंदोबस्तावरच्या एका पोलिसाने त्यांना बाजूला करायचा प्रयत्न केला, पण त्यांचे हात सुटेनात.

मी डोळे उघडले तेव्हा वर भाऊंचा ओला चेहरा होता आणि त्याच्या मागे सिस्टर हातात सुई तशीच धरून उभ्या होत्या. त्या कळवळून म्हणाल्या, "अहो दादा, सोडा त्यांना. मी अजून टोचलंच नाही!"

भाऊंनी सिस्टरांकडे पाहिलं, सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टोचलंच नाही?" आणि ते हसायला लागले. गालावर पाणी तसंच आणि हसणं थांबेना. मला मांडीवर घेऊनच ते गदगदा हलत होते, त्यामुळे मीही हलत होतो. थोरला भाऊ गेल्यापासून त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र मला एवढंच कळत होतं की, माझ्यावर सगळा हॉल हसतो आहे.

भाऊंनी डोळे पुसले, मला बाकावर आडवं केलं आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसले. "मले द्या पहिले," ते सिस्टरांना म्हणाले. "याले जरा लेटू द्या."

त्यांना टोचलं. मग त्यांनी माझा हात हातात धरला, मी डोळे मिटले आणि आडव्या आडव्या मलाही टोचलं.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण शेजारच्याचा व्हिडिओ चालू होता. संध्याकाळपर्यंत तो सीताबर्डीपासून जरीपटक्यापर्यंत पोचला. खाली मढ्याच्या घरी वाजावं तसं संगीत, आणि वर लाल अक्षरांत, 'नागपुरात लस घेताच शिक्षकाचा मृत्यू, भावाचा आक्रोश'. टोचलंच नाही हा सिस्टरांचा आवाज कापून टाकला होता. वर्ध्याहून माझ्या आईचा रडत फोन आला. मी उचलला तर ती आणखी रडली. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी बायकोचं सांत्वन केलं. क्लासच्या मालकांनी एवढंच विचारलं, उद्याचा वर्ग होईल ना.

मी खंडन लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा विषय मला पूर्ण ठाऊक होता. मुद्दे, उपमुद्दे. उत्तरं आली, 'दबावाखाली लिहून घेतले आहे.' 'मयत माणसाचा फोन कोण वापरून राहिलं?' एकाने फक्त 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. ज्यांचा दुसरा डोस राहिला होता, त्यांतले कितीतरी जण मागे फिरले. जन्मभर ज्यांच्याशी भांडलो, त्या अफवांपैकी एक आता मीच होतो.

सकाळी काकूंनी मला खाली बोलावलं. बंगईवर शेजारी बसवलं आणि गल्लीतला एकेक नंबर लावायला सुरुवात केली. आवाज एकदम सरकारी. "बोला. हो, मीच. मास्तरांचा व्हिडिओ पाह्यला? हां. थांबा, मयत इथंच बसले हाय, बोलून घ्या." आणि मोबाइल माझ्या कानाला.

पहिल्या फोनवर मी म्हणालो, "ती एक क्षणिक शारीरिक प्रतिक्रिया होती, ज्यात मेंदूचा रक्तपुरवठा..." काकूंनी फोनवर हात ठेवला.

"मास्तर. सरळ सांगा."

मी घसा साफ केला. "मी सुईला भितो. टोचायच्या आधीच पडलो."

पलीकडून कोणीतरी खळखळून हसलं. काकूंनी फोन घेतला, "पटलं? मंग उद्या या," म्हणाल्या आणि पुढचा नंबर लावला. एवढं छोटं खंडन मी कधी केलं नव्हतं. चौथ्या-पाचव्या फोनला लाज थोडी कमी झाली. दुपारपर्यंत मी कसा पडलो त्याचं वर्णन रंगवून सांगू लागलो, तर काकू म्हणाल्या, "लंबं नोका करू."

शेवटचा फोन भाऊंच्या वहिनींना होता. दवाखान्यात भाऊंना ज्याच्याजवळ जाऊ दिलं नव्हतं, त्या थोरल्या भावाच्या पत्नी. नवरा गेल्यापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, आणि भाऊंच्या घरात लस या शब्दालाही बंदी होती ती त्यांच्यामुळे. काकूंनी इतरांसारखा विनोद केला नाही. "मास्तर बोलतात," एवढंच म्हणून मोबाइल दिला.

मी तेच सांगितलं, सरळ. त्या हसल्या नाहीत.

"सर, दुखते का?" त्यांनी विचारलं.

"खरं सांगू का वहिनी, मला माहीत नाही. मी डोळे गच्च मिटले होते. हात भाऊंनी धरला होता."

मग त्या म्हणाल्या, "भाऊजींनं काल घरी येऊन तुमी कसे पडले ते लेकरांले करून दाखवलं. तीन-तीनदा. लेकरं हसले." पुढे म्हणाल्या, "माह्यासाठी बी कोणी संगं असलं तं मी येतो."

"वहिनी, मी येतो ना तुमच्यासोबत," मी म्हणालो. "मी स्वतः तुमच्या शेजारी उभा राहतो."

काकूंनी झडप घालून माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"नाही वं माय, मास्तर नाही येऊन राहिले," त्या घाईघाईने म्हणाल्या. "तू भिऊ नोको. आपण दोघीच जाऊ."